खंडाचे कारण

१२ जानेवारी, सोमवार

ती. ताईस,

'ती.' लिहिलं आणि पेन थांबलं. आई पत्रलेखन शिकवायची तेव्हा पट्टी आपटून सांगायची, आठवतं? "तीर्थरूप फक्त आईवडिलांना! बाकी मोठ्या माणसांना तीर्थस्वरूप. इथे चुकलात तर अर्धा मार्क गेला." बाहेर शाळेत चाळीस पोरं आणि घरी आपण दोघी, सगळ्यांना एकच पट्टी. म्हणून नुसतं 'ती.' ठेवलंय. पुढचं तुला हवं ते वाच.

दोन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. आहेच काम. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आता यात गाढव कोण, हे मी तुझ्यावर सोडते.

फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. डिसेंबरात चारदा केला. चारही वेळा पूर्ण रिंग वाजली, म्हणजे माझा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस. एवढा निष्कर्ष मी काढला आणि त्यावर महिना काढला.

काम सांगते. माझं इथलं कंत्राट एकतीस मार्चला संपतंय. पीएचडीनंतरची ही उमेदवारी, तिला पोस्टडॉक म्हणतात. तुला मी हे पन्नासदा सांगितलंय आणि तू पन्नासदा "म्हणजे अजून शिकतेच आहेस ना?" असं विचारलंयस. एक मोठी फेलोशिप निघाली आहे, तीन वर्षांची. न भरणाऱ्या जखमांवरच्या संशोधनासाठी, म्हणजे थेट माझ्याच कामासाठी. ती मिळाली तर मी टिकले. नाही मिळाली तर या वयात, या विषयात, पुढे दार नाही. आमच्या बाईंनी (प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना सगळे बाईच म्हणतात) स्पष्ट सांगितलं, "यानंतर माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही."

अडचण एकच. पीएचडी मिळून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. माझी पाच वर्षं नऊ महिने झाली. पण अर्जात एक रकाना आहे, 'खंडाचे कारण'. जवळच्या माणसाच्या आजारपणात काम थांबवलं असेल तर तेवढा काळ वजा करतात, दीड वर्षापर्यंत. आईचं आजारपण चौदा महिन्यांचं. आणि कागदोपत्री त्या चौदा महिन्यांत मी कुठेच नोकरीला नव्हते. ते कसं, ते मोठं पुराण आहे, सांगेन कधीतरी.

फक्त घरातल्या एका जबाबदार माणसाची सही लागते, शाईची. सोबत टाइप केलेला कागद आहे: 'माझी धाकटी बहीण सदर चौदा महिने आईच्या शुश्रूषेसाठी घरी होती.' खाली सही कर आणि पाठव. माझा पत्ता घातलेलं पाकीट आत आहे, तिकीट लावलेलं. अठ्ठावीस फेब्रुवारीला संध्याकाळी पाचला अर्ज बंद होतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी बहीण


२३ जानेवारी, शुक्रवार

ताई,

अकरा दिवस झाले. पत्र पोचायला तीन, यायला तीन. पाच दिवस तू तो कागद नुसता टेबलावर ठेवला आहेस, असं धरते.

राग आला असेल. येऊ दे. पण त्यातला शब्दन्‌शब्द खोटा नाही. मी अकरा दिवस घरी होते. अकरा दिवस म्हणजे शून्य नव्हे.

आमच्या कचेरीत अर्ज तपासणारे एक गृहस्थ आहेत, चष्मा कपाळावर आणि शोधतात टेबलावर. ते म्हणाले, "मॅडम, या रकान्यात सगळेच थोडं ताणतात. अहो, तुम्ही मनाने तर तिथेच होतात ना?" मी म्हटलं, "हो, मनाने होते." त्यांनी मान डोलावली आणि मलाही क्षणभर ते पटलं.

तुला काय जातं गं एका सहीने? तू औषधांच्या दुकानात होतीस तेव्हा दिवसाला शंभर सह्या ठोकायचीस. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचायचीस, असं तूच हसत सांगायचीस. माझ्यापुढे मात्र एकदम हरिश्चंद्र!

हे खोडायला हवं होतं, पण खोडत नाही. पेनाने लिहिण्याचा हाच तोटा.

माझी खोली तू पाहिलेली नाहीस. एक खिडकी, समोरच्या इमारतीची पाठ दिसते, पाइप आणि वाळत घातलेले टॉवेल. एक खुर्ची आहे. दुसरी घ्यायचा प्रश्नच आला नाही. आल्या आल्या चहाच्या कपांचा जोड घेतला होता, त्यातला एक अजून कागदात गुंडाळलेला आहे. गेल्या सोमवारी रखवालदाराला "नमस्कार" म्हटलं तर घशातून घोगरा आवाज आला. मला वाटलं सर्दी. मग लक्षात आलं, शुक्रवारपासून मी कुणाशी बोललेच नव्हते.

हे दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. खरं तर थोडं त्यासाठीच लिहिलंय.

सही पाठव.

धाकटी


१ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आज प्रयोगशाळेत एकटीच आहे. पेशींना रविवार नसतो. त्यांचं खाणं म्हणजे ते गुलाबी पाणी, दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. नाहीतर मरतात आणि महिन्याची मेहनत मातीत जाते. आई विचारायची ना, "तुझ्या त्या बाळांनी दूध घेतलं का?" घेतलं म्हणावं.

मी नेमकं काय करते, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही धड सांगितलं नाही. काचेसारख्या पारदर्शक बशीत त्वचेच्या पेशी वाढवते. त्यांचा सलग थर झाला की प्लॅस्टिकच्या बारीक टोकाने मधोमध एक ओरखडा काढते. झाली जखम. मग दर तासाला फोटो. दोन्ही काठांवरच्या पेशी हळूहळू मध्ये सरकतात आणि मधला खंड भरून येतो. साखर वाढवली की सरकत नाहीत, काठावरच अडून बसतात. का अडतात, हे शोधणं माझी नोकरी. हो, आम्हीही त्याला खंडच म्हणतो. अर्जातला शब्द वाचून मला आधी हसू आलं होतं.

मधुमेहामुळे आईच्या पायाचा अंगठा काढला आणि ती जखम भरेना, तेव्हा मला वाटलं, आता माझ्या विद्येचा उपयोग होणार. आणि मी काय केलं? तुला फोनवर पद्धत शिकवली. फायलीचं पारदर्शक प्लॅस्टिक काप, उकळलेल्या पाण्याने पूस, वर धर, मार्करने काठ गिरव, तारीख घाल, फोटो पाठव. दर रविवारी. तू एकदाही चुकवलं नाहीस. ड्रेसिंग तू करायचीस, वास तू सोसायचीस, आईचं कण्हणं तू ऐकायचीस, आणि मी इथे बसून तुझ्या रेघांचं क्षेत्रफळ काढायचे. वर पुन्हा सूचना: "रेघ जाड येते गं, बारीक मार्कर घे." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे पाठव.

आणखी एक सांगायचं आहे. गेल्या वर्षी एका परिषदेत मी तुझ्या त्या रेघा पडद्यावर दाखवल्या. साठ रविवार, एकामागून एक. नंतर कुणीतरी विचारलं, "या कुणी काढल्या?" मी म्हटलं, "मी." तोंडातून निघून गेलं. दुरुस्त करायला अख्खा चहाचा वेळ होता. केलं नाही.

लहानपणी तू मला शेपूट म्हणायचीस. जिथे जाशील तिथे मी मागे. मैत्रिणींनी विचारलं की तू म्हणायचीस, "अगं, ती माझी शेपूट आहे, कापता येत नाही." मला राग यायचा. आज दिवसभर तोच शब्द डोक्यात फिरतोय आणि इथे हाक मारायला कुणी नाही.

धाकटी


११ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तुझं उत्तर नाही. बाई रोज विचारतात, "दाखला आला?" मी म्हणते, "येतोय, टपालात आहे." खोटं बोलणं आता मला श्वासाइतकं सोपं जातंय.

तेव्हा आज एकदाच सगळं खरं लिहिते. वाचून फाडलंस तरी चालेल.

त्या अकरा दिवसांतले चारच दिवस आई होती. अंगठा काढला तेव्हाचे. बाकीचे सात ती गेल्यानंतरचे. आठव्या दिवशी मी बॅग भरली, कारण इथे रुजू व्हायचं होतं. तू दारात उभी होतीस. मी "येते" म्हटलं आणि तू "ये" म्हणाली नाहीस.

आता दुसरं. ते मोठं पुराण.

त्या चौदा महिन्यांत मी तुला दर वेळी सांगत होते, "रजा मिळत नाही गं." ताई, रजेचा प्रश्नच नव्हता. मला नोकरीच नव्हती. आधीचं कंत्राट संपलं होतं आणि बाईंनी बिनपगारी बसू दिलं होतं, पाहुणी म्हणून. हजेरी नाही, सही नाही. मी आले नसते तर कुणी विचारलंही नसतं. मी कुठल्याही दिवशी निघू शकत होते. सकाळी ठरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी असते. म्हणूनच कागदोपत्री आज तो खंड मोकळा दिसतो आणि त्यात काहीही भरता येतं.

मग का आले नाही? मोठं काहीतरी सापडेल, असं स्वतःला सांगायचे. आईसाठीच करतेय, असंही. तसं काही नव्हतं. मला भीती वाटायची. बशीतली जखम मी तासन्‌तास बघते. आईची मला बघवली नाही. त्या चार दिवसांत ड्रेसिंगची वेळ झाली की मी औषध आणायला बाहेर पडायचे. पिशवीत औषधं असतानाही. तुला ते कळलं होतं. तू एक दिवस म्हणालीस, "जा, तू आण औषध," आणि दार लोटून घेतलंस. माझी लाज राखलीस.

आणि तो रविवार. दुपारी दीड. मी हेच करत होते, खंड मोजत होते. तुझा फोन आला. तू म्हणालीस, "अगं, पाय काळा पडायला लागलाय. तू ये. आजच नीघ."

आणि मी विचारलं, "किती सेंटिमीटर?"

तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं लाइन गेली. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. बुधवारी भाऊजींचा फोन आला.

दोन वर्षं मी स्वतःला समजावतेय की तो धंद्याचा प्रश्न होता, तोंडातून आपोआप निघाला. डॉक्टरही विचारतात. पण डॉक्टर तिथे येऊन विचारतात. मी तुला मदत मागताना ऐकलं आणि तुझ्याकडे माप मागितलं. माझं चुकलं, ताई. फार चुकलं. हे लिहायला मला दोन वर्षं लागली आणि तेही सहीच्या निमित्ताने.

ही कबुली सही मिळवण्यासाठी आहे की नाही, हे माझं मलाच कळत नाही.

धाकटी


२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

पाकीट आलं. मीच पत्ता घातलेलं, त्यामुळे आधी वाटलं माझंच पत्र परत आलं. जिन्यातच उघडलं.

माझा टाइप केलेला कागद त्यात नव्हता. एक कोरा कागद होता, आणि अगदी तळाशी तुझी सही. पूर्ण नाव, निळी शाई, खाली ती तुझी दोन टिंबं. वरती अख्खं पान मोकळं. एक अक्षर नाही. 'काय हवं ते लिही' असंसुद्धा नाही.

मी जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, काम झालं." आणि हुंदका आला. ते बिचारे हातातली पिशवी तशीच धरून उभे राहिले.

पाकीट फेकताना आत आणखी काहीतरी चिकटलेलं दिसलं. फायलीच्या प्लॅस्टिकचा तुकडा. एकसष्टावा. माझ्याकडे साठच होते.

त्या रविवारची तारीख. बारीक मार्कर. एका कोपऱ्यात तुझ्या अक्षरात वेळ, 'दु. १.४५'. आणि मधे, काठाच्या आत, '६.४ सें.मी.'

म्हणजे तू फोन ठेवलास आणि आत जाऊन मोजलंस. आईचा पाय काळा पडत होता, शेजारी कुणी नव्हतं, आणि तू शेपटीने विचारलं म्हणून प्लॅस्टिक पुसून रेघ काढलीस. रेघ जराही हललेली नाही. फक्त फोटो पाठवला नाहीस. दोन वर्षं तो तुकडा जपून ठेवलास.

मी तो आकडा कुठेही भरलेला नाही. आलेखात साठ ठिपके आहेत, साठच राहतील.

अजून आठ दिवस आहेत. कोरा कागद टेबलावर आहे. बाईंना अजून सांगितलेलं नाही.

धाकटी


१ मार्च, रविवार

तीर्थरूप ताईस,

चुकून लिहिलेलं नाही. आईने अर्धा मार्क कापला तर कापू दे. चौदा महिने आईची आई तूच होतीस, आणि त्याआधी कितीतरी वर्षं माझीही. मला आता दुसरं कुणाला हे लिहायचंही नाही.

काल चार वाजता मी अर्ज भरला. 'खंडाचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'आईचे आजारपण. घरी उपस्थिती: चार दिवस.' कचेरीतल्या गृहस्थांचा चष्मा या वेळी कपाळावरून नाकावर आला. म्हणाले, "अहो, चौदा महिन्यांचा दाखला येणार होता ना?" मी म्हटलं, "सही आली. पण ते चौदा महिने माझे नाहीत." बटण दाबलं. माणसांपर्यंत गेलाच नाही अर्ज. एका सेकंदात लाल अक्षरांत उत्तर आलं, 'आपण या फेलोशिपसाठी अपात्र आहात.' इतक्या लवकर मला आजवर कुणीच ओळखलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "वेडी आहेस तू. दहा वर्षांची मेहनत!" बरोबर आहे त्यांचं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला हलकं बिलकं काही वाटलं नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पेशींचं पाणी बदललं. एकतीस मार्चनंतर मी काय करणार, मला माहीत नाही. भीती वाटते. पण ही भीती निदान माझी स्वतःची आहे.

ज्या परिषदेत मी 'मी' म्हटलं होतं, त्यांनाही कळवलंय. रेघा माझ्या बहिणीने काढल्या, असं लिहिलं. आभाराचं दोन ओळींचं उत्तर आलं, बस्स. आभाळ कोसळलं नाही. उगाच वर्षभर घाबरले होते.

परवा मी हिशेब मांडायला बसले, दिवसांचा. माझे चौदा महिने कागदावर रिकामे होते तर त्यांना केवढा भाव आला! तुझे चौदा महिने काठोकाठ भरलेले. त्यात तुझी दुकानातली जागा गेली, तिथे दुसरी मुलगी उभी राहिली, तुला परत कुणी बोलावलं नाही. आणि तुझ्या खंडाचं कारण विचारणारा रकाना जगात कुठल्याच अर्जावर नाही.

तुझा कोरा कागद मी अखेर भरला. सोबत पाठवतेय. त्यावर एवढंच आहे:

'आमची आई चौदा महिने आजारी होती. तिचं सगळं मोठीने केलं. धाकटी चार दिवस होती आणि ड्रेसिंगच्या वेळी बाहेर जायची. धाकटीला रजा लागतच नव्हती. ६.४ सें.मी. हे माप मोठीने घेतलं.'

खाली तुझी सही होतीच. शेजारी मी माझी केली. जागा कमी होती, म्हणून जरा तुझ्या टिंबांवर आली आहे. हा कागद कुणाला दाखवायचा नाही. आपल्या दोघींचा आहे.

दोन एप्रिलला मी येतेय. तू "ये" म्हणाली नाहीस, तरी येतेय. राहायला जागा देऊ नकोस, जेवायला विचारू नकोस, बोलूही नकोस. तो न उघडलेला दुसरा कप तेवढा आणतेय तुझ्यासाठी. मी पायरीवर बसून राहीन. औषध आणायला म्हणून कुठेही जाणार नाही.

कडी वाजली की तू आतूनच विचारशील, "कोण?" तुझी सवय आहे ती, दार उघडायच्या आधी दोनदा विचारायची. त्यावर काय सांगायचं, ते मी महिनाभर ठरवत होते. बहीण म्हणावं तर तेवढा हक्क उरलेला नाही, आणि डॉक्टर म्हणावं तर तू हसशील. मग ठरलं.

शेपूट आहे, ताई. कापता येत नाही.